भाचीचे पाय

चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्या टेबलावरून एकही खोटा दाखला पुढे गेला नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. ते पूर्ण खरं नाही. एक गेला होता. मित्राच्या मुलाचा होता. चहा पिता पिता मी न वाचता सही ठोकली आणि पुढे चौकशी लागली, तेव्हा तो मित्र मला रस्त्यात पाहून चपलेचा पट्टा नीट करायला वाकला. बढती गेली ती गेलीच, वर दोन वर्षं कचेरीत मी आत शिरलो की लोकांच्या गप्पा थांबत. तेव्हापासून मी ताकसुद्धा फुंकून पितो. माझी बायको शकू म्हणते, "पानीपुरीवाल्यालेही आधार कार्ड मागान तुम्ही." मागितलं नाही अजून, पण त्याचं पाणी कुठलं ते मी विचारतो.

त्यामुळे यंदा दसऱ्याच्या आधी दत्तोपंतांचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. दत्तोपंत निवृत्त प्राध्यापक आहेत आणि वर्ध्यातल्या एका मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं मंडळ येत्या एप्रिलमध्ये जिल्ह्यातल्या एका गिर्यारोहकाला एव्हरेस्टवर पाठवणार होतं. नावं बरीच आली होती. शेवटी एक उरलं, आणि ते माझ्या भाचीचं होतं.

"कागद सगळे आलेत," दत्तोपंत म्हणाले. "ते खरे आहेत असं एका जबाबदार माणसाचं पत्र लागतं. माणिकराव, तुमची सही असली तर मंडळात कुणी तोंड उघडणार नाही."

"अहो, ती माझी भाची आहे."

"म्हणूनच म्हणतो. भाचीलाही तुम्ही सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

म्हणजे गोष्ट सरळ होती. माझी सही झाली तर अंकिता एव्हरेस्टला जाणार, नाही झाली तर नाही. आणि सही करून कागद खोटे निघाले, तर या वयात मी तोंड कुठे लपवायचं ते माझं मी बघायचं.

अंकिता ही माझ्या थोरल्या बहिणीची, कुंताबाईची एकुलती एक मुलगी. बहीण पवनारला धाम नदीकाठच्या दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढते आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकते. पोरगी नागपूरला एका क्लबात मुलांना खोट्या भिंतीवर चढायला शिकवते आणि स्वतः खऱ्या पहाडांवर चढते. सात खंडांतले सात सगळ्यात उंच पहाड चढायचे, असं तिनं मनावर घेतलं त्याला आठ वर्षं झाली. आफ्रिकेतला किलिमांजारो झाला, ऑस्ट्रेलियातला कोझिअस्को झाला, रशियातला एल्ब्रुस झाला, दक्षिण अमेरिकेतला अकोन्काग्वा झाला. या जूनमध्ये उत्तर अमेरिकेतला डेनाली. राहिले दोन, अंटार्क्टिकातला आणि एव्हरेस्ट. पवनारच्या पोरीला हे वेड कुठून लागलं असं लोक विचारतात. मला माहीत नाही. आमच्याकडे उंच म्हणून दाखवायला पाण्याची टाकी आहे.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. आमच्यात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. भाची एवढीशी असली तरी. आई म्हणायची, शंभर बामन जेवू घातले काय अन् एक भाची जेवू घातली काय, सारखंच. आणि भाची यात्रेहून आली की मामानं दारातच परातीत तिचे पाय धुवायचे, दहाही बोटांना एकेक करून कुंकू लावायचं. अंकिताच्या प्रत्येक पहाडाला आम्ही यात्राच मानलं. किलिमांजारोहून आली तेव्हा मी तिचे पाय धुतले, पुढच्या तिन्ही वेळेसही धुतले. तिला गुदगुल्या होतात, बोटं आखडून घेते, आणि मी दटावतो. लहानपणापासून हेच चालत आलंय.

या रीतीला आईनं एक शेपूट जोडून ठेवलं होतं. न केलेल्या यात्रेचे पाय भाचीनं मामाकडून धुऊन घेतले, तर मामाचं आयुष्य घटतं. अंकिता हे ऐकतच मोठी झाली.

डेनालीहून ती जुलैत परतली, पण पवनारला आली नाही. नागपूरलाच राहिली. नागपूर ते पवनार दोन तासांचाही रस्ता नाही. एरवी पंधरा दिवसांत एकदा येणारी पोरगी तीन महिने फोनवरच बोलत राहिली. फोनवर दिसायचा तो फक्त चेहरा. क्लबात काम आहे म्हणायची. शेवटी कोजागिरीला आली, दिवाळीपर्यंतची सुट्टी घेऊन. मी सकाळपासूनच बहिणीकडे जाऊन परात, तांब्या, हळदकुंकू घेऊन दारात बसलो होतो. पायांत जाडजूड बूट घालून ती फाटकातून आत आली, परात पाहिली आणि जागीच थांबली.

"राहू द्या मामाजी या वेळेस," ती म्हणाली. "तीन महिने झाले आता. त्याले काय अर्थ हाये."

"यात्रेले का तारीख अस्ते?"

"राहू द्या ना," ती पुन्हा म्हणाली आणि परातीला वळसा घालून आत गेली.

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तांब्यातलं पाणी मी तुळशीला घातलं आणि दूध पिताना रात्रभर तिच्याकडे बघत राहिलो. ती वाळली होती. हसत होती, पण हसून झालं की चेहरा लगेच मिटायचा. घरातही मोजे घालून फिरत होती. मी मनात म्हटलं, अमेरिका पाहून आली, आता मातीचं वावडं झालं. ही माझ्या अकलेची तेव्हाची धाव.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांकडून फाईल आणली आणि वर्ध्याला घरच्या टेबलावर दिव्याखाली पसरली. निवृत्त झालो तरी माझी पद्धत बदललेली नाही. आधी सगळे कागद दोन ढिगांत टाकायचे. जे बघताक्षणी खरे ते डावीकडे, आणि ज्यांवर मन अडतं ते उजवीकडे. डावीकडच्यांना पुन्हा हात लावायचा नाही, सगळा वेळ उजवीकडच्यांना द्यायचा. पहिल्या चार पहाडांची प्रमाणपत्रं डावीकडे गेली. तंदुरुस्तीचा दाखला पाहिला. कागद खरा, शिक्का खरा, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक खरे. गेला डावीकडे. उजवीकडे उरला एकटा डेनाली.

डेनालीच्या माथ्यावरचा एकच फोटो होता. त्यात तोंडावर मुखवटा, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. आत अंकिता असेल नाहीतर आमचा दूधवाला असेल, कळायला मार्ग नाही. आणि फडकं नव्हतं. कुंताबाई भाजीच्या टोपलीवर ओलं करून घालते ते लाल फडकं अंकिता दर पहाडावर नेते आणि वर पोचली की दोन्ही हातांत धरून फोटो काढते. चारही फोटोंत फडकं आहे. या पाचव्यात हात रिकामे.

मी शकूला दाखवलं. ती चष्मा लावून बघून म्हणाली, "इसरली असन."

"आईचं फडकं इसरन ते?"

"मंग थंडी असन. सारंच काय कागदावरून पाह्यता तुम्ही? लग्नाच्या आंधी माही पत्रिका दोन जोश्यांकडून तपासून घेतलती, मालूम हाये मले."

घेतली होती, आणि दोघांचं जुळलं म्हणूनच लग्न केलं. मी फाईल मिटली, पण मनातली मिटेना. पाणी कुठंतरी मुरत होतं. मी बहिणीला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, डेनाली चढल्यावर पोरीचा फोन आला तेव्हा ती काय म्हणाली?

"चढली म्हने. अन् रडली," कुंताबाई म्हणाली.

"काऊन रडली?"

"आनंदानं असन."

आमच्या घरात आजवर आनंदानं कुणी रडलेलं नाही. हीसुद्धा गोष्ट मी मनातल्या उजव्या ढिगात टाकली.

दोन दिवसांनी मी पवनारला गेलो. अंकिता वांग्याच्या वाफ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती, पायांत तेच बूट. मी शेजारी बसलो, इकडचं तिकडचं बोललो आणि मग हळूच पहाडावर आलो. एरवी हिला पहाडाचं विचारलं की जेवण थंड होईपर्यंत थांबायची नाही. अकोन्काग्वाच्या माथ्यावर बारा मिनिटं होतो आणि त्यातली दोन मिनिटं एक माणूस नाक शिंकरत होता, हेसुद्धा तिनं सांगितलं होतं.

"डेनालीवर किती वेळ होती तू वर?"

"आठवत नाई."

"आईचं फडकं कुठं हाये?"

"तिकडंच राह्यलं."

"वर?"

"नाई. खाली. खाली राह्यलं." ती वांग्याच्या झाडाचं एक किडकं पान खुडत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामाजी, मनात शंका असन तं तुम्ही सही नका करू. मले राग नाई येनार."

खरा माणूस असं म्हणतो का? खरा माणूस भांडतो, फोटो दाखवतो, सोबत्याचा नंबर देतो. माझ्या टेबलासमोर खोटे दाखले घेऊन आलेले लोक मात्र अगदी हिच्यासारखे बोलायचे. साहेब, तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या. मी उठलो. मला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. कारण कोजागिरीच्या परातीचा अर्थ मला तेव्हा लागला, असं मला वाटलं. पोरगी खोटं बोलतेय, पण मामाचं आयुष्य घटू नये म्हणून पाय धुऊ देत नाही. लबाड आहे, पण माझ्यावर जीव आहे. या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी बसस्टॉपवर उभा राहून ते पुसलं. चुकीच्या गोष्टीसाठी माणूस किती मनापासून रडू शकतो, ते पुढे कळलं.

तरी मला पुरावा हवा होता. कागदावर मिळत नव्हता, म्हणून मी रीतीतून काढायचं ठरवलं. सरपंचांना गाठून म्हटलं, गावच्या पोरीनं पाच खंडांतले पहाड चढले, तुम्ही साधा सत्कार केला नाही. ते लगेच तयार झाले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम ठरला. दत्तोपंतांना मी स्वतः आमंत्रण दिलं. आणि सरपंचांना सांगितलं, हारतुरे तुम्ही करा, पाय मात्र मी धुणार. चार लोकांसमोर ती एक तर नाही म्हणेल आणि मग का नाही म्हणते ते सांगावं लागेल, नाहीतर पाय पुढे करेल आणि मी सुखानं सही करीन. सापळा होता, दुसरं काही नाही. देवाधर्माचा केलेला.

कुंताबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "कायले चव्हाट्यावर? घरी धुजो ना."

"गावाची इच्छा हाये, बाई," मी म्हणालो. सबंध प्रकरणात पहिलं खोटं बोललो तो मी.

सभामंडप भरला होता. बायका सतरंजीवर, पुरुष मागं उभे, पुढं खुर्चीवर दत्तोपंत. अंकिताला मधल्या खुर्चीत बसवलं होतं, गळ्यात झेंडूचा हार. भाषणं झाली. सरपंचांनी डेनालीला तीनदा डॅनियल म्हटलं. मग मी परात घेऊन तिच्यासमोर खाली बसलो. परात पाहून तिचा चेहरा पांढरा पडला आणि मला वाटलं, झालं, सापडली.

"बूट काढ, बाई," मी म्हणालो.

ती वाकली. बुटाच्या नाडीला हात लावल्यासारखं करून माझ्या कानाशी म्हणाली, "मामाजी, घरी चला. घरी सारं सांगतो. हात जोडतो तुमच्यापुढं."

"इथंच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय परातीत ठेवला. मी पाणी घातलं. बोटं आखडली नाहीत. मग ती थोडा वेळ डाव्या पायाकडे पाहत बसली आणि सावकाश त्याची नाडी सोडू लागली. मोजा निघाला.

अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढे काही नव्हतं. जिथं तीन बोटं असायची तिथं गुलाबी, चकाकणारी कातडी होती आणि तिच्यावर टाक्यांची रेघ. मोज्यात कोंबलेला कापसाचा बोळा बाहेर पडून परातीत तरंगायला लागला.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मागून एक बाई "अगं माय" म्हणाली आणि तिला शेजारणीनं गप्प केलं. मी आधी डेनालीचा विचार केला नाही, सहीचा केला नाही. लहानपणी ही याच पायानं माझ्या छातीवर उभी राहून नाचायची, ते आठवलं. कुंताबाई बायकांत बसली होती. ती रडली नाही, दचकलीही नाही, नुसती पदर सावरत होती. ते मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

दत्तोपंत उठून जवळ आले. सज्जन माणूस, आवाज चढवला नाही. "अंकिता, हे कधी झालं?"

"डेनालीवर, सर. उतरताना वाऱ्यात अडकलो होतो. ऑगस्टमध्ये नागपूरला बोटं काढली."

"पण तंदुरुस्तीच्या दाखल्यात तर..."

"तो दाखला मार्चचा आहे, सर. जायच्या आधीचा."

मार्चचा. दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीत पाहिलं. डेनालीच्या फोटोतली सावली कुठल्या दिशेला पडते ते मी भिंगातून पाहिलं होतं. आणि जो कागद मी डावीकडे टाकला, त्याच्यावरची तारीख वाचली नव्हती. कागद खरा होता. त्यानंतर पाय बदलले होते. दत्तोपंत इतकंच म्हणाले, "नवा दाखला आणि तुमचं पत्र, दोन्ही सोमवारपर्यंत द्या. मग बघू." आणि निघून गेले. लोकही हळूहळू उठले. कुंकवाची डबी उघडलीच गेली नाही.

घरी आल्यावर अंकिता माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली, मी ओसरीवर बसून ऐकलं. माथ्यावर हात इतके गारठले होते की सॅकची चेन उघडेना, म्हणून फडकं निघालं नाही. परतीच्या वाटेवर सहा तास एका खळग्यात बसून काढले. तंबूत आल्यावर डावा पाय लाकडासारखा झाला होता, तेव्हा तिनं तो आईच्या फडक्यात गुंडाळला. पुढं अलास्कातल्या दवाखान्यात ते कापून काढावं लागलं. म्हणून तिकडंच राहिलं. घरी सांगितलं तर आई पुढं जाऊ देणार नाही, आणि मंडळाला सांगितलं तर ते नाव काढतील. एप्रिलपर्यंत चालायची सवय होईल, मग सांगू, असा तिचा हिशेब होता.

"अन् पाय धुऊ काऊन नाई देल्ले, मालूम हाये?" ती आईला म्हणाली, पण ऐकवलं मला. "मामाजी एकेक बोट धरून कुंकू लावतात. त्याहीच्या हाताले समजलं असतं."

त्या रात्री मी बहिणीकडेच राहिलो, कारण परत जायला पाय उचलेना. सकाळी उजाडल्यावर कुंताबाईनं मला वाफ्यात बोलावलं. रात्री पाणी सोडलेलं होतं, सऱ्यांमधली माती लोण्यासारखी मऊ होती. तिनं बोट दाखवलं. सरीतून अनवाणी पायांचे ठसे लांबवर गेले होते. उजवा पाय पाच बोटांचा, डावा दोन बोटांचा, आणि डाव्याची टाच जास्त खोल.

"पहाटे उठून बिनबुटाची चालून पाह्यते इथं," ती म्हणाली. "कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी दिसले मले. पह्यले वाटलं, जनावर फिरलं का काय. मंग उमगलं."

"अन् तू बोलली नाई?"

"पोरीनं आपल्या तोंडानं सांगाव वाटे. सांगन तवा आईकीन म्हटलं. रोज ती गेली का मी खुरपं घेऊन येतो अन् ठसे पुसतो, कोनी पाहू नये म्हनून." ती खाली वाकली आणि खुरप्यानं पहिला ठसा मोडला, मग दुसरा. "माणिक, तुले शंका होती तं मले काऊन नाई इचारलं रे?"

काय सांगणार? फोटो तपासला, प्रमाणपत्र तपासलं, फोनवर आडून आडून चौकशी केली. समोर बसून, बाई, पोरीला काय झालंय, असं मात्र विचारलं नाही. ते माझ्या पद्धतीत बसत नव्हतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी मी पवनारलाच ओसरीवर कागद घेऊन पत्र लिहायला बसलो. अंकिता आतून आली, अनवाणी. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसली.

"काय लिहून राह्यले?"

"खरं ते."

मी वाचून दाखवलं. कुमारी अंकिता हिचे पाचही पहाडांचे कागद मी तपासले, ते खरे आहेत. ती डेनालीच्या माथ्यावर उभी होती याची माझी खात्री आहे. तेथून उतरताना तिच्या डाव्या पायाची तीन बोटे गेली. सोबतचा तंदुरुस्तीचा दाखला त्यापूर्वीचा असून तो तपासण्यात माझ्याकडून चूक झाली. खाली सही.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, कागद फाडेल. फाडला असता तर मी दुसरा लिहिला नसता, तेवढं मी मनाशी ठरवलं होतं.

"हे वाचून ते मले पाठवनार नाईत," ती म्हणाली.

"नाई पाठवनार कदाचित."

"तुम्ही सत्कार काढला नसता तं मी गेली असती एप्रिलात."

"होय," मी म्हणालो. "गेली असती." पुढे काय झालं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. वर पोचली असती, नाहीतर सबंध पाय गमावला असता, नाहीतर परत आलीच नसती. याचा निकाल माझ्याकडे नाही. मी फक्त एवढं म्हणालो, "माह्यावर राग ठेवजो. पन बाई, अजून दोन पहाड अन् हा असा पाय. कसं करशीन?"

तिनं दोन्ही पाय माझ्यासमोर लांब केले आणि पाहिले. "सात बोटं उरली, मामाजी," ती म्हणाली. "पहाडही सातच हायेत. पुरतात."

आतून कुंताबाई परात घेऊन आली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी पाय धुतले, पदराच्या टोकानं तिनं पुसले, आणि मी कुंकू लावलं. उजव्या पायाच्या पाच बोटांना, डाव्याच्या दोन. मग माझा हात थांबला. अंकितानं पाय मागं घेतला नाही, म्हणून मी टाक्यांच्या रेघेवरही एक बोट टेकवलं. तेव्हा ती आखडली, गुदगुल्या झाल्यासारखी, आणि मी सवयीनं तिला दटावलं.

सोमवारी आम्ही दोघं पत्र घेऊन गेलो. नवा दाखला मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले, जखम अजून कोवळी आहे, बर्फाचं नाव वर्षभर काढू नका. मंडळानं या वर्षी दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं. दत्तोपंतांनी माझं पत्र फाईलला लावलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी नवा दाखला आणा, पत्र हेच चालेल. अंकितानं त्यांना हात जोडले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून पवनार येईपर्यंत रडली. आनंदानं नक्कीच नव्हे. मी शेजारी बसून होतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी वांगी आणायला बहिणीकडे गेलो. रात्री पाणी सोडलं होतं. वाफ्यात दोन बोटांचे ठसे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते, तिथून वळून परत आले होते, आणि पुन्हा गेले होते. खुरपं धुऱ्यावर पडलं होतं. कुंताबाईनं त्या दिवशी काही पुसलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि ठशांवर पाय पडणार नाही असा कडेकडेनं वांगी तोडणाऱ्या बहिणीकडे गेलो.